घरात पाच माणसं

काकू साताऱ्याला मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या. रिटायर झाल्या, नवरा गेला, आणि त्या मुलाकडे सिडनीला आल्या, पण आवाज मैदानावरचाच राहिला. टूनगॅबी या उपनगरात आमच्या मागच्या रस्त्यावर त्यांच्या मुलाचं घर. दर गुरुवारी त्या आणि माझी आई चालत जवळच्या एका हॉलमध्ये जायच्या. तिथे एक छोटी संस्था वयस्कर लोकांसाठी चहा, गप्पा, थोडा व्यायाम असं चालवायची. काकूंनी लवकरच व्यायामाचा ताबा घेतला. एकदा मी आईला आणायला गेले तेव्हा तमिळ, पंजाबी, लेबनीज बायका खुर्च्यांवर बसून हात वर करत होत्या आणि काकू ओरडत होत्या, "कोपर सरळ! बहनजी, कोपर!" कुणालाही भाषा कळत नव्हती आणि सगळ्यांची कोपरं सरळ होती.

काकू राहायच्या गॅरेजमध्ये. कार्पेट घातलं होतं, हीटर होता, पलंग होता, त्यामुळे मुलगा त्याला "स्टुडिओ" म्हणायचा. तो, सून आणि दोन नाती घरात. पेरेंट व्हिसाचा अर्ज टाकून काकू वर्षानुवर्षं वाट पाहत होत्या. अशा माणसाला सरकारी हेल्थ कार्ड मिळत नाही. नोकरी नाही म्हणून टॅक्स नाही, पेन्शन नाही, विजेचं बिल मुलाच्या नावावर.

हे सगळं मला फार नीट माहीत होतं, कारण मी जनगणनेच्या आकड्यांवर काम करते. लोकांना वाटतं, सगळ्यांनी फॉर्म भरला, बेरीज झाली, संपलं. पण बरीच घरं फॉर्म भरतच नाहीत. मग आम्ही सरकारी नोंदी एकमेकींना जोडतो. टॅक्स, हेल्थ कार्ड, शाळेतली नावनोंदणी. माणसांची नावं काढून टाकलेली असतात. त्यावरून ठरवायचं, की त्या बंद दारामागे कुणी राहत होतं का, आणि किती जण. नोंदींत कुणाचा माग सापडला की त्याला आम्ही "साइन्स ऑफ लाइफ" म्हणतो. जिवंत असल्याच्या खुणा. त्यानंतर थोडी घरं निवडून तिथे माणूस पाठवायचा आणि समोरासमोर विचारायचं, इथे कोण कोण राहत होतं? या सॅम्पल सर्व्हेवरून कळतं, की मोजणीतून किती लोक सुटले.

ही पद्धत वाईट नाही. मी तिच्या बाजूने कितीतरी वेळा बोलले आहे. पण त्यांतली एकही खूण काकूंच्या नावावर नव्हती.

जनगणनेच्या आदल्या वर्षी तो हॉल बंद झाला. संस्थेची ग्रँट पुढे चालू राहिली नाही. तुमच्या भागात वयस्कर लोक फारसे नाहीत, आकडे तसं दाखवतात, असं त्यांना वरून सांगण्यात आलं. आई घरी आली ती चप्पलसुद्धा न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"तुमचेच आकडे म्हणे."

"जुने आहेत ते. आता नवी मोजणी येतेय. सगळ्यांनी फॉर्म भरा, बघ मग."

मी हेच काकूंना सांगितलं. व्हिसा कुठलाही असो, या देशात राहणारं प्रत्येक माणूस मोजलं जातं आणि ती माहिती इमिग्रेशनकडे जात नाही, हेही सांगितलं. त्यांनी तसं मुलाला सांगितलं. आणि मुलाने फॉर्म भरला नाही. आयटीत मोठ्या पदावर असलेला, पुण्यात शिकलेला माणूस! दारावर विचारायला आलेल्यालाही त्याने बिझी आहे म्हणून परत पाठवलं. आईने मला हे सांगितलं तेव्हा मी भांडी घासत होते. मी कढई इतक्या जोरात आपटली की नवरा बाहेर आला.

ऑफिसात मी साहेबांना म्हटलं, फॉर्म न भरलेल्या घरांत असे आई-वडील असणार, आणि नोंदी जोडून ते सापडणार नाहीत. आमच्यासारख्या सबर्बात ते जास्त असणार. साहेब चांगला माणूस आहे, कधी आवाज चढवत नाही. तो म्हणाला, "फेअर पॉइंट, मेट. पण त्यासाठीच तर सर्व्हे आहे."

एका शनिवारी दुपारी मी काकूंचा कुकर परत द्यायला त्यांच्याकडे गेले. मुलगा दारातच एका बाईशी बोलत होता. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. मी पाहताक्षणी ओळखलं, सर्व्हे. कुठली घरं निवडली जातात ते आम्हाला कळत नाही, आणि कळलंच तर मध्ये तोंड घालायचं नसतं. उत्तर घरच्यांचं असायला हवं. म्हणून मी कुकर धरून ड्राइव्हवेवर उभी राहिले.

"घरात किती जण राहतात?" बाईने विचारलं.

"फोर," तो म्हणाला.

त्याने मला पाहिलं होतं. पाहून म्हणाला. गॅरेजचं दार त्याच्यापासून चार पावलांवर होतं, आतून रेडिओ ऐकू येत होता. दात आवळून मी गप्प राहिले, आणि गप्प राहण्याचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

"दुसरं कुणी? काही दिवसांसाठी आलेलं, पाहुणं वगैरे?" बाई तिचं काम नीट करत होती.

"नो. जस्ट अस."

रेडिओ बंद झाला. काकू गॅरेजच्या दारात आल्या. पंजाबी ड्रेसवर मुलाचं जुनं जॅकेट.

"फाइव्ह," त्या म्हणाल्या. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं इतक्या जोरात.

"आई, तू आत जा."

"का? मी कुठे राहते मग?"

"तुझ्या व्हिसाचं काही झालं तर? तुला कळत नाही."

"मला चार आणि पाच कळतं."

बाईला मराठी येत नव्हतं. तिने मुलाकडे पाहिलं, तो जमिनीकडे पाहत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी फक्त काकू बोलल्या ते इंग्लिशमध्ये सांगितलं, एक शब्द जास्त नाही. बाईने काकूंना वय विचारलं, किती दिवस इथे आहात विचारलं, जन्म कुठे झाला विचारलं. काकू ताठ उभ्या राहून उत्तरं देत होत्या, मी भाषांतर करत होते. बाई थँक यू म्हणून गेली.

मग मुलगा माझ्यावर उखडला. "तू सरकारी माणूस. मुद्दाम आलीस ना?"

"मी कुकर द्यायला आले. आणि ही माहिती इमिग्रेशनकडे जात नाही, कायदा आहे. हे मी काकूंना फॉर्मच्या वेळीच सांगितलं होतं."

"तुला काय, नो वरीज. तुझ्या आईचा व्हिसा झालाय, तू बोलणारच."

त्याच्या भीतीत काही खोटं नव्हतं. मलाही ती माहीत आहे, आम्हीही त्या रांगेत होतो. पण स्वतःच्या आईसमोर उभं राहून चार म्हणायचं?

सोमवारी मी साहेबांना झालेलं सगळं सांगितलं. तो म्हणाला, तिने स्वतः सांगितलं, तू भाषांतर केलंस, ठीक आहे. मला बरं वाटलं. काकूंनाही मी फोन करून सांगितलं, तुम्ही मोजल्या गेलात.

दुसऱ्या वर्षी दुरुस्त आकडे आले. राज्याच्या पातळीवर वयस्कर लोकांची संख्या वर गेली होती. आमच्या सबर्बची जवळजवळ तिथेच. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सॅम्पल लहान असतं," तो म्हणाला. "त्यावरून राज्याचा आकडा सुधारता येतो. एका सबर्बचा नाही. हे तुला मी सांगायला हवं का?"

नव्हतं सांगायला हवं. मीच ते नव्या मुलांना शिकवते. नोंदी गल्लीपर्यंत पोचतात, पण त्यांत काकू नाहीत. सर्व्हेत काकू आहेत, पण तो गल्लीपर्यंत पोचत नाही. काकूंचं "फाइव्ह" सगळ्या राज्यावर पातळ पसरलं गेलं होतं, कुठल्या तरी शेतावर, कुठल्या तरी समुद्रकिनाऱ्यावर, सगळीकडे थोडंथोडं. मी म्हटलं, मग जिथे असे आई-वडील जास्त आहेत तिथे सॅम्पल मोठं घ्या. तो म्हणाला, बजेट. मी म्हटलं, मग आकड्याखाली तसं स्पष्ट लिहा. तो म्हणाला, लिहिलेलं आहे. होतं लिहिलेलं, पद्धतीच्या अहवालात, जो ग्रँट देणारा कुणीही उघडत नाही. मी दार जोरात लावून बाहेर पडले.

काकूंना हे समजावून सांगणं मलाच भाग होतं. त्या गॅरेजमध्ये पलंगावर बसल्या होत्या.

"मग हॉल उघडणार का?"

"नाही, काकू."

"मग मला विचारलं कशाला?"

मी काहीतरी बोलले. राज्याला फायदा होतो वगैरे. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, शाळेत गृहपाठ न करता बहाणे सांगणाऱ्या मुलीकडे पाहावं तसं.

उन्हाळा संपता संपता त्या साताऱ्याला परत गेल्या. अर्ज मागे घेतला. मुलाशी भांडण झालं नाही, त्यांनी फक्त तिकीट काढायला सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवायला आल्या. आईला म्हणाल्या, "तिकडे निदान मतदार यादीत आहे मी." आई हसली नाही. तिला गुरुवारी आता कुठेच जायचं नसतं. ती टीव्ही लावते आणि माझ्यावर चिडते, आणि तिचं काही चुकत नाही.

परवा शेजारच्या पेंडल हिलला स्टेशनजवळच्या दुकानात काकूंचा मुलगा भेटला. पोह्यांचं पाकीट हातात.

"आई मजेत आहे तिकडे," तो म्हणाला, मी न विचारता. "तिला इथे करमतच नव्हतं."

"करमत होतं," मी म्हटलं. दुकानदाराने वर पाहिलं इतक्या मोठ्याने. "त्यांना इथे छान करमत होतं."

तो पाकिटावरचं काहीतरी वाचायला लागला. मी टोपली तिथेच ठेवली आणि काही न घेता बाहेर पडले.