सीटची उंची

आमचे भाऊजी सोफे दुरुस्त करतात. फाटलेलं रेक्झिन, दबलेला फोम, मोडके पाय, सगळं. अख्खा सोफा एकट्याने पाठीवर घेऊन जिना उतरतात आणि घाम पुसत विचारतात, "चहा टाकलाय का?" असा माणूस एक पिकअप घेताना एवढा घोळ घालेल असं मला वाटलं नव्हतं.

गाडी एकच घ्यायची होती. तिच्यातूनच सोफे न्यायचे, मुलीला शाळेत सोडायचं आणि ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, ती काम करते त्या चष्म्याच्या दुकानात. म्हणून चार दारांची, मागे हौदा असलेली, मध्यम आकाराची पिकअप. दोन पसंत पडल्या होत्या. एक उंच, तिला भाचीने नाव दिलं पैलवान. दुसरी बसकी, ती बुटकी. पैलवानचा हौदा मोठा, मागच्या सीटवर पाय पसरायला जागा. माझ्या मते प्रश्न मिटला होता.

शोरूममध्ये सेल्समन इंजिनाचं गुणगान गात होता आणि भाऊजी जमिनीपासून सीटपर्यंत टेप धरून बसले होते. मी कपाळाला हात लावला. "भाऊजी, गाडी घेताय की कव्हर शिवताय?"

त्यांनी टेपवरचा आकडा लिहून घेतला. वर्कशॉपमध्ये येऊन त्यांनी फळ्या ठोकून दोन बाकं केली, एकेका गाडीच्या सीटएवढ्या उंचीची. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. थट्टा तिथेच विरली.

ताईच्या पायांतलं बळ जात होतं. डॉक्टरांनी औषधं दिली होती, पण हे थांबणार नाही असंही सांगितलं होतं. पाठमोरी उभी राहून ती सीटला टेकायची, मग एकेक पाय हाताने आत ओढून घ्यायची. पायरी लावून उपयोग नव्हता, पाय उचलणं हीच तर अडचण. आणि मदतीचं तर नाव काढायची सोय नव्हती. "मला कोणी सोफ्यासारखं उचलायचं नाही, सांगून ठेवते," ती म्हणायची. "जोवर माझी मी चढतेय, तोवर मी आजारी नाही."

उंच बाकावर तिला टेकता येईना. बसक्यावर बसली. भाऊजींनी त्याच दिवशी बुटकी बुक केली.

गाडी यायला वेळ लागला. तेवढ्यात आजाराने आपलं काम केलं. बुटकी दारात उभी राहिली, ताई हौसेने टेकायला गेली आणि बोटभर उंचीसाठी अडली. आम्ही नुसते बघत उभे. ती हसून म्हणाली, "राहू दे, उद्या बघू."

भाऊजींनी लगेच सीट उसवली, आतला फोम कापला, रेक्झिन पुन्हा शिवलं. सकाळी ताई बसली. काच खाली करून मला म्हणाली, "बघ, मालकीणबाई निघाल्या!" काही आठवडे बरे गेले. मग पुन्हा अडलं, पुन्हा फोम कापला. नवी कोरी सीट आणि हा माणूस सुरी घेऊन तिचा फडशा पाडत होता. मला राग यायचा, पण काढायचा कोणावर?

एकदा भाऊजी डिझेल भरायला उतरले तेव्हा ताई हळूच म्हणाली, "खालचं लोखंड टोचतंय रे. त्यांना बोलू नकोस."

"का?"

"आता कापायला राहिलंय काय? कळलं तर जीव जाळत बसतील नुसते."

त्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये भाऊजींनी विचारलं, "टोचत असेल ना तिला?"

मी फोमचे तुकडे गोळा करत राहिलो. "तिलाच विचारा की."

"विचारून काय करू?" ते म्हणाले.

मग एका सकाळी ताईने दार धरलं, टेकायला गेली. पुन्हा गेली. नंतर नुसतीच दाराला धरून उभी राहिली. भाची दप्तर घेऊन मागे बसली होती आणि मुद्दाम दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होती. भाऊजींकडे न बघता ताई म्हणाली, "उचला."

भाऊजी पुढे झाले. हात कुठे घालावा हेच त्यांना कळेना. जन्मभर उचलण्याचा धंदा केलेला माणूस हात पुढे करून तसाच उभा राहिला.

"अहो, उचला," ताई म्हणाली. "पोरीला उशीर होतोय."

संध्याकाळी मी वर्कशॉपवर गेलो तर सीट बाहेर काढलेली. भाऊजी तिच्यात फोम भरत होते. त्यांच्याकडचा सगळ्यात मऊ, सगळ्यात जाड. आता उंची बघायची गरज उरली नव्हती.