जावेची वाईन आणि ग्रामसभेतलं माझं बोलणं

आमच्या घरात दोन सुना. थोरली मी, बोईसरजवळच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका. धाकटी बारावी झालेली, केळवे आणि माहीमच्या मधल्या आमच्या गावात घरची चिकूची वाडी बघायची. गावात मला सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे. घरात फ्रिज घ्यायचा असो की कुणाचं लग्न ठरवायचं असो, मला विचारल्याशिवाय काही व्हायचं नाही. मला त्याची सवय झाली होती.

मग धाकटीनं वाईन करायला घेतली. चिकूला भाव नसला की पिकलेली फळं झाडाखालीच सडून जायची, ते तिला बघवेना. कुठेतरी जाऊन ती आठ दिवस शिकून आली. परवान्यासाठी अर्ज भरायचे होते, नकाशे द्यायचे होते, टाक्यांची मापं लिहायची होती. हे सगळं घेऊन ती माझ्याकडे येईल, असं मी धरून चालले होते. ती आलीच नाही. रोज दुपारी ओट्यावर बसून एकेक कागद तिनं स्वतः भरला.

पहिली बाटली उघडली त्या दिवशी सासूबाईंनी घोटभर चाखली. उभ्या जन्मात त्या दारूला शिवल्या नव्हत्या.

“बरी हाय गो,” त्या धाकटीला म्हणाल्या. “अजून जराशी दे.”

“आई, तीही दारूच,” मी म्हटलं. “फळाची असली म्हणून काय झालं?”

“तू आता कामावर नाय, घरात हायेस. बस गप.”

धाकटी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, रागवायला कारण तरी मिळालं असतं.

पुढे पेपरात तिचा फोटो आला. हातात बाटली, शेजारी सासूबाई, त्यांच्या अंगावर मी दिवाळीला घेतलेली जांभळी साडी. उपकेंद्रातल्या आशाताईनं तो मला कौतुकानं दाखवला. मी “हो, माझीच जाऊ” म्हणाले आणि लसीकरणाचं रजिस्टर उघडून बसले. त्या दिवशी एका बाळाचं वजन मी दोनदा चुकीचं लिहिलं.

केळव्याला सुट्टीत येणारे मुंबईकर आता आमच्या वाडीकडे वळू लागले. धाकटीला तिथेच वाईन चाखायला देणारी एक खोली काढायची होती. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता. सभेत कुणीतरी उठून म्हणालं, “सिस्टर इथंच हायेत. त्यांना विचारा ना.”

मी उठले आणि बोलले, चांगली पंधरा मिनिटं. लिव्हर सुजून पोट फुगलेला कारखान्यातला कामगार सांगितला. पाड्यावरची एक बाई सांगितली, जिचा नवरा पिऊन आल्यावर ती मुलांना घेऊन शेजारी झोपायची. वाईन सौम्य असते म्हणून लोक तिच्यापासून सुरू करतात, असंही सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. ठराव बारगळला. बसताना मला छातीत गार गार वाटलं, उन्हातून आल्यावर पाणी प्यावं तसं.

बाहेर चपला घालताना धाकटी माझ्याजवळ आली.

“ताई, तुमी बोललात ते सगळं खरं हाय.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “पन गेल्या वर्षी याच सभेत बिअरच्या दुकानाचा ठराव आला होता. तवा तुमी पहिल्या रांगेत बसलेल्या. एक शब्द नाय बोललात.”

ते दुकान आजही सुरू आहे, आणि त्याच्या गिऱ्हाइकांतले दोघं माझ्याकडे औषधाला येतात.

आठ महिने आम्ही मीठ-तिखटापुरतं बोललो. मग तिनं ठराव पुन्हा टाकला. या वेळी मला कुणी विचारलं नाही, मीच उठले. म्हटलं, “मी तिची जाऊ. मागच्या वेळी मी आरोग्याचं बोलले, पण त्यात माझा जळफळाटही होता. दारूबद्दल जे सांगितलं ते तसंच धरा. अल्पवयीन मुलांना आत घेऊ नका, गाडी चालवणाऱ्याला देऊ नका, सातला दार बंद करा. आणि हेच नियम त्या बिअरच्या दुकानालाही लावा.” सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. ठराव झाला. बिअरच्या दुकानाचं मात्र पुढे बघू असं ठरलं.

खोली सुरू व्हायच्या आदल्या दिवशी धाकटी रंगाचा डबा घेऊन आली.

“मद्यपानानं काय होतं त्याचा बोर्ड लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं हाय.”

मी तो हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत लिहिला. एवढ्या मोठ्या अक्षरांची गरज नव्हती, हे मलाही कळत होतं. तिनं तो अगदी दारासमोर टांगला. पहिल्या रविवारी आलेल्या एका बाईनं विचारलं, हे कुणी लिहिलं?

“माझ्या जावेनं,” धाकटी म्हणाली. “नर्स हाय ती. तिनं सांगितलं की आमी ऐकतो.”

मी ते शेजारच्या पडवीतून ऐकलं. तिच्या जागी मी असते तर असं म्हटलं नसतं. मला तिच्या वाईनचा वाटला नव्हता इतका हेवा त्या क्षणी तिच्या स्वभावाचा वाटला.