अशी ओळ नाही

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये एक वयस्क प्रोग्रॅमर माझ्या शेजारी बसत. चष्मा कपाळावर, खिशात संत्रागोळ्या. चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवून आतली चूक दाखवणारा डिबगर त्यांनीच लिहिलेला. मी चळवळीची पत्रकं वाटून कामावर येणारा, सगळं जग उद्याच बदलायला निघालेला. ते हसत, "काहून धावून राहिला गा? यंत्र कुठी पळून नाही जात."

एकदा परीक्षेच्या निकालाचा प्रोग्रॅम तपासताना कुठल्या ओळीवर थांबायचं, याचा मी घाईत डिबगरला भलताच आकडा दिला. प्रोग्रॅममध्ये त्या आकड्याची ओळच नव्हती. डिबगरने तो मुकाट घेतला, प्रोग्रॅम कुठेही न थांबता संपला आणि मी सगळं ठीक असल्याचं कळवलं. आतली चूक तशीच राहिली आणि एक पास झालेली मुलगी नापास छापली गेली.

मी यंत्राला शिव्या घालत होतो. ते साहेबांना म्हणाले, "चूक माही हाय. काहीही सांगितलं तरी हे हो म्हणते, मले ठाऊक होतं." मग मला सायकलवर डबलसीट घेऊन त्यांनी दुरुस्त निकाल त्या मुलीच्या घरी पोचवला. आठवडाभरात डिबगर चुकीचा हुकूम नाकारू लागला : अशी ओळ नाही, पुन्हा सांगा.

पुढे ते नागपूर सोडून गेले. आता माझ्या प्रत्येक पत्रकाला मित्र माना डोलावतात. मी मजकूर वाचून दाखवतो आणि वाटतं, शेजारून कुणीतरी म्हणावं, "अशी ओळ नाही गा, पुन्हा सांग."