फेरविचारासाठी परत

माळेगावच्या शाळेत खाजा मास्तरांनी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. राष्ट्रपती विधेयक एकदा परत पाठवू शकतात. संसदेनं तेच पुन्हा पाठवलं, की सही करावीच लागते. हा नियम त्यांनी घरातही आणला. लेकीनं, सितारानं, सायकल मागितली तरी अर्ज लिहायचा. मास्तर 'फेरविचार व्हावा' असा शेरा मारून तो परत करत. सितारा अम्मीला घेऊन हसत पुन्हा यायची. मग सही व्हायची.

अम्मी वारली त्या वर्षी सितारानं पुण्याला वकिली शिकायला जायचा अर्ज दिला. मास्तरांनी सवयीनं शेरा मारला आणि वाट पाहिली. आपणहून बोलावणं नियमात बसत नव्हतं. अर्ज पुन्हा आलाच नाही. पुढच्या वर्षी लग्न होऊन ती इंदापूरला गेली.

परवा ईदला ती आली, तेव्हा मास्तरांनी धीर करून विचारलं, "अर्ज पुन्हा का न्हाय दिलास गं? मी सही करणारच होतो की."

"अब्बा, त्याला संसद लागते," शीरखुर्मा वाढता वाढता सितारा म्हणाली. "अम्मी गेल्यावर ती कुठं होती माझ्याकडं?"

मास्तरांचा हात खिशातल्या पेनापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.