पट्टे येईपर्यंत

काळजी घेणारा माणूस काळजी घेतल्यामुळेच मेला, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्ही मान डोलवाल का? घणसोली गावात गेले दोन महिने मी हेच ऐकते आहे. चहाच्या टपरीवर ऐकलं, दहाव्याला ऐकलं, त्याच्या स्वतःच्या घरात ऐकलं. ‘पोरानं नको तेवढी काळजी केली, म्हणून गेला.’ माणसं मान डोलवतात आणि चहा पितात. मला मात्र मान डोलवता येत नाही, कारण माझा मित्र जितेश गेला ते मी सोसू शकते, पण हे वाक्य गावात राहिलं तर ते आणखी कुणाला तरी नेणार, ही भीती मला झोपू देत नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी मी तुर्भ्याला घरी होते. त्याच्या बहिणीचा, दर्शनाचा फोन आला. ती रडत नव्हती. तिचा आवाज नुसता गोंधळलेला होता. “ताई, दादाला लागलंय म्हणतात… पण दादाची गाडी तर ओटीवर हाय. मी समोर उभी हाय गाडीच्या. मग दादाला कसं लागलं?” मी काहीतरी उत्तर दिलं असणार, ते आता आठवत नाही. आठवतो तो तिचा प्रश्न. त्या घरात सगळ्यांनी एकाच गोष्टीला घाबरायचं ठरवलं होतं, ओटीवरच्या त्या लाल इटालियन मोटरसायकलीला. ती जागच्या जागी उभी होती, आणि अपघात दुसरीकडेच होऊन गेला होता.

जितेश माझा कॉलेजातला मित्र. माझे वडील युनियनचं काम करायचे. माझं अक्षरओळखीचं पुस्तक म्हणजे घरात पडलेली पत्रकं. कॉलेजच्या गेटवर मीही पत्रकं वाटायचे. त्यानं एक घेतलं, पूर्ण वाचलं, आणि माझ्यासमोरच घडी घालून आपल्या जुन्या बाइकच्या गळणाऱ्या इंजिनाखाली ठेवलं. “बग, तुझं पत्रक कामाला आलं. तेल कुठून गलतंय ते आता दिसंल.” मी तेव्हा त्याला जे बोलले ते इथे छापता येणार नाही. तो हसत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं गेटवर उभं राहून माझ्याबरोबर उरलेली पत्रकं वाटली. तेव्हापासून माझं नाव ‘ए पत्रक’ पडलं ते कायमचं.

पुढे तो तळोज्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला आणि काही वर्षांनी त्यानं ती इटालियन गाडी घेतली, नेरूळच्या एका सोसायटीच्या तळघरात वर्षानुवर्षं उभी असलेली. मालक परदेशी निघाला होता. गावातली पोरं म्हणाली, लॉटरी लागली, चाललीच नाही म्हणजे नवीच. जितेश एकटाच चिंतेत होता. “उभी होती हाच तर लोचा हाय. लोखंड चालून झिजतं, रबर उभ्या उभ्या मरतं.” मी अर्थातच भांडले. ज्या गावच्या शेतावर शहर उभं राहिलं, त्या गावच्या पोरानं श्रीमंतांचं खेळणं ओटीवर आणून काय मिळवलं, असं विचारलं. तो म्हणाला, “श्रीमंत मानूस फोन करतो न् मेकॅनिक येतो. मी माझ्या हातानं खोलनार. मग खेळनं कोनाचं?”

आणि त्यानं खरंच ती खोलली. गावठाणातली ती ओटी जेमतेम गाडीएवढी, गल्ली एवढी अरुंद की गाडी उलटी ढकलत बाहेर काढावी लागते. वरच्या खोल्यांतले भाडेकरू त्याच्या पान्यांवरून उडी मारून कामाला जायचे. बंटी, त्याचा बालमित्र, रोज येऊन विचारायचा, सायलेन्सर कधी बदलतोस, आवाज कधी काढतोस. जितेशनं पहिलं अपग्रेड केलं ते ब्रेकच्या नळ्यांचं. जुन्या रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीच्या बसवल्या, ब्रेकचं तेल बदललं, पॅड बदलले. बंटी वैतागला. “एवढं करून दिसतंय काय? काय पन नाय!” जितेश म्हणाला, “थांबल तवा दिसंल.” तो भित्रा होता आणि ते लपवत नव्हता. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी, प्रत्येक नळीवरून बोट, मग जागेवरच ब्रेक दाबून गाडी पुढेमागे ढकलून बघणं. पोरं त्याला ‘आरती’ म्हणायची, टाळ्या वाजवायची. मी एकदाच त्याच्या मागे बसले, पाम बीच रोडला. मला वाटलं होतं वारा, वेग, वगैरे. त्यानं इतक्या बेतानं गाडी चालवली की एका रिक्षावाल्यानं आम्हाला मागे टाकून वर वळून बघितलं. “लाज वाटते का रे?” मी विचारलं. “भीती वाटते,” तो म्हणाला. “भीती वाटते तवर मी शहाना.”

आता त्या पट्ट्यांबद्दल. त्या इंजिनाच्या बाजूला, झाकणाखाली, दोन दातेरी रबरी पट्टे असतात. आतल्या झडपांच्या उघडझापीची वेळ ते सांभाळतात. चालता चालता पट्टा तुटला तर आतले भाग एकमेकांवर आदळून इंजिन मोडतं, मागचं चाक जाम होऊन गाडी लोळूही शकते. म्हणून गाडी चालो न चालो, मुदत भरली की पट्टे बदलायचे. ते बसवताना ताण नेमका लागतो. तो पट्टा तारेसारखा छेडायचा आणि दर्शना त्याच्याजवळ फोन धरायची. फोनमधलं ॲप आवाजावरून ताण सांगायचं. “दादा, अजून बेसूर हाय!” ती ओरडायची, आणि काकी, म्हणजे त्यांची आई, आतून म्हणायची, “दोगांना पन गल्लीत जाऊन गा म्हनावं, भात करपला माझा.”

यंदा पट्ट्यांची मुदत भरली. नवे मागवलेले यायला उशीर होत होता. जितेश शनिवारी कामावर ही गाडी न्यायचा. बाकी दिवस कंपनीची बस असायची, शनिवारी नसायची. त्या शनिवारी त्यानं गाडी काढली नाही. बंटी म्हणाला होता, एक दिवसानं काय होतं, अजून वर्षभर चालंल पट्टा. जितेश म्हणाला, पट्टे येईपर्यंत नाय. सुटी झाल्यावर तो एका सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून निघाला. पुढचा ट्रेलर थांबला, स्कूटर थांबली नाही. सहकाऱ्याचा हात मोडला. मी त्याला भेटले तेव्हा प्लॅस्टरमधल्या हाताकडे बघत तो एवढंच म्हणत होता, “ब्रेक जरा लांब लागत होता, ताई. म्हटलं रविवारी करून घेऊ…” मी त्याच्यावर चिडायला गेले होते. चिडता आलं नाही. त्याच्याएवढा घाबरलेला माणूस मी पाहिलेला नाही.

पट्टे आले ते जितेश गेल्यानंतरच्या आठवड्यात. मी ओटीवरच बसले होते. कुरिअरवाल्यानं नाव वाचलं आणि म्हणाला, ओटीपी सांगा. दर्शना आत गेली, दादाचा फोन घेऊन आली, चार्जिंगला लावलेलाच होता, आणि आकडे वाचून दाखवले. कुरिअरवाला म्हणाला, “थँक्यू, सरांना सांगा रेटिंग द्या.” तो वळल्यावर काकीनं पार्सल उचललं, कपाटाच्या वर टाकलं आणि म्हणाली, “माझा पोर यांची वाट बगत रवला न् गेला. हे पट्टे या गाडीला लागायचे नाय. त्याच्या हातचं हाय ते तसंच रवल.” आणि त्याच दिवसापासून ते वाक्य गावात फिरायला लागलं. पट्ट्यांसाठी थांबला, म्हणून गेला. गाडी काढली असती तर वाचला असता. बंटीनं त्याला जाऊन महिना होईल त्या दिवसासाठी बॅनर छापला, जितेशचा गॉगलवाला फोटो, खाली पोरांची नावं, आणि ठरवलं की गावातल्या सगळ्या बाइक्सची रॅली काढायची. सर्वांत पुढे जितेशची गाडी. चालवणार दर्शना.

दर्शनाला गाडी येते, दादानंच शिकवली. मी तिला बाजूला घेतलं. “दशू, मुदत गेलेल्या पट्ट्यांवर?” तिचे डोळे कोरडे होते. “ताई, दादा घाबरून घाबरून जगला. काय मिळालं त्याला? मी नाय घाबरनार.” मी बंटीकडे गेले. तो म्हणाला, “ओ मॅडम, गाडी येते का तुम्हाला? नाय ना? मग पत्रक वाटा.” एका मेलेल्या माणसाच्या सन्मानासाठी त्याच्या बहिणीला त्यानं नाकारलेल्या पट्ट्यांवर बसवायचं, आणि याला श्रद्धांजली म्हणायचं! मी हे मोठ्यानं बोलले. पोरांनी बॅनरची दोरी बांधायला घेतली.

महिन्याच्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा गल्ली बाइक्सनी भरली होती. काकीनं गाडीची पूजा मांडली होती. हार घातला, नारळ ठेवला, आणि आमच्याकडे नवरदेवाला लावतात तशी तेलात कालवलेली हळद दोन्ही हातांनी गाडीला लावत होती. टाकीला, हँडलला, चाकाला. रडत होती आणि लावत होती. पुढच्या चाकाची ब्रेकची तबकडी पिवळीधमक झालेली मला दिसली. दर दसऱ्याला जितेश पूजेआधी त्या तबकड्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधायचा. काकी चिडायची, “देवाच्या कामात पिशव्या कसल्या रं?” तो म्हणायचा, “आई, हलद तेलाची हाय. ब्रेकला लागली तर तूच मना देवाकडं धाडशील.” दरवर्षीचा तमाशा, दरवर्षीचं हसणं. म्हणूनच ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. पिशव्या बांधणाराच नव्हता.

मी ओरडले, “दर्शना, ब्रेक!” पण तोवर तिनं गाडी चालू केली होती, मागे पंधरा-वीस बाइक्स गुरगुरत होत्या, आणि त्या आवाजात माझा आवाज कुठेच पोचला नाही. गल्ली देवळापाशी उतरते. तिथे एक टेम्पो आडवा उभा होता. दर्शनानं पुढचा ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती तशीच, सावकाश, साबणावरून घसरावी तशी टेम्पोकडे जात राहिली… दर्शनानं दोन्ही पाय जमिनीवर घासले, मागचा ब्रेक आठवला, आणि पुढचं चाक टेम्पोच्या फळीला टेकून थांबलं. तिला काही झालं नाही. तिनं गाडी बंद केली. मागच्या बाइक्स एकेक करून बंद झाल्या. बंटी धावत गेला, तबकडीवरून बोट फिरवलं, आणि पिवळं बोट नुसतं वर धरून उभा राहिला. मुख्य रस्त्यावर असती तर, हे कुणालाच बोलून दाखवावं लागलं नाही.

काकी गल्लीच्या वर उभी होती. आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होती. मग ती आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ते पार्सल होतं, खाकी खोक्यावर हळदीचे ठसे उमटलेले. तिनं ते बंटीच्या छातीवर दाबलं. “रॅली नाय काय नाय. आदी हे बसव. न् ते पिवलं पुस. माझी एक पोर उरलीय.”

पट्टे बसवायला दोन रविवार लागले. बंटीनं पान्याची कामं केली, दर्शनानं पट्टा छेडला, फोन मी धरला. ब्रेकचे पॅड फेकून नवे घातले. जुने पट्टे काढले तेव्हा वरून अगदी धड दिसत होते. त्यांवर जितेशनं पांढऱ्या रंगानं बारीक खुणा केल्या होत्या, दातांशी जुळवायच्या. काकीनं ते धुतले, पुसले, आणि ओटीवरच्या खुंटीला अडकवले, जिथे आता दर्शनाचं हेल्मेट असतं. दर्शना अजून मुख्य रस्त्यावर गेलेली नाही. जाईल. त्या दिवशी मी पुन्हा घाबरेन, आणि तिलाही भीती वाटावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जितेश काळजीमुळे गेला नाही. तो गेला दुसऱ्याच्या गाडीवर, जिची काळजी कुणी घेतली नव्हती. म्हणून वाचणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. तुम्ही ज्याच्या मागे बसून कामावर, कॉलेजला, बाजारात जाता, मित्र असो, नवरा असो, मुलगी असो, उद्या सकाळी बसण्याआधी त्याला जागेवरच ब्रेक दाबून गाडी ढकलून दाखवायला सांगा. तो हसेल, चारचौघांत टाळ्या वाजवेल. वाजवू द्या. चाक अडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत बसू नका.