डोळे आले तेव्हा

त्या वर्षी अमरावतीत कापसाच्या गाड्यांना रस्ता पुरत नव्हता. अंगणाअंगणात बाया सरकी काढत बसत आणि हवेत तूस उडत राही. त्यातच आमच्या गल्लीत डोळ्यांची साथ आली. लोक म्हणत, तुसाने डोळे येतात आणि नजरेने पसरतात. आलेल्या डोळ्यांत पाहिलं की आपलेही येतात. मी शाळामास्तर, पुस्तकांत रमणारा. तरी मीही ते खरं मानलं.

मग माझ्या बायकोचे डोळे आले. सकाळी तिच्या पापण्या चिकटलेल्या असत. ओल्या पदराने ती त्या सोडवी. मी तिच्याशी भिंतीकडे पाहून बोलू लागलो.

"मी काय ग्रहण आहो का, तोंड फिरवून राहिले ते?"

"माझी शाळा बुडेल."

"बुडू द्या. ग्रहणबी लोक पाण्यात पाहून घेतात. तुमी तेवढंबी नाई."

शेजारची माळीण मावशी काजळाची डबी घेऊन आली. गल्लीभर तीच डबी, तेच बोट. तिने बायकोच्या डोळ्यांत काजळ घातलं आणि "तुमालेबी लावतो मास्तर, येऊ नये म्हणून," असं म्हणत बोट न पुसता माझ्याही. तोंड पुसायला आम्हा दोघांत पंचा एकच होता.

दोन दिवसांत माझेही डोळे आले. आता पाहायची भीती उरली नव्हती, पण पापण्या उघडेनात, उजेड टोचे. तशातच तिला ताप भरला. माझे डोळे नीट उघडायच्या आत ती गेली.

पुढे कामानिमित्त अकोल्याला गेलो असता तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, नजरेने काही होत नाही. डोळ्यांतलं पाणी हाताला, कापडाला, काजळाला लागतं आणि तिथून दुसऱ्याच्या डोळ्यांत जातं. पंचा वेगळा ठेवावा, हात धुवावे, काजळ घालू नये.

परतल्यावर मी हे मावशीला सांगितलं. तिने आपलं बोट डोळ्यांसमोर धरून पाहिलं.

"म्हणजे माह्याच बोटानं?"

"माझ्या पंच्यानेही असेल."

"अन् पाहिल्यानं काईच नसतं झालं?"

"नाही."

"मंग पाहाचं होतं ना, मास्तर. बिचारी किती मनत होती तुमाले."

मी हो म्हणालो.