त्या आखाजीची पहिली ऑर्डर

मंदी कशी येते, हे मला टीव्हीवरच्या माणसांनी शिकवलं नाही. ते मी सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या गल्लीत पाहिलं, आणि तिची सुरुवात झाली एका टेम्पोपासून.

माझे मिस्टर ज्या लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला आहेत, तिथले जुने लूम एका सकाळी भंगाराच्या टेम्पोत चढताना अख्ख्या गल्लीनं पाहिले. झालं! खातं बंद पडणार, ही बातमी दुपारपर्यंत घरोघरी पोचली. शेठनं कुणाला काढलं नव्हतं. उरलेले लूम दोन्ही पाळ्यांत चालू होते, पगार वेळेवर हातात पडत होता. तरी प्रत्येक घरानं हात आखडता घेतला. कूलर बघून ठेवलेल्यांनी जुन्या पंख्यालाच तेल घातलं. रविवारी सकाळी गाडीवरचा डाळीचा वाफाळता लोचो खाणं बंद झालं. ज्याला त्याला विचारावं तर एकच उत्तर, "राहू दे आत्ता, पुढं बघू." पंधरा दिवसांत लोचोवाला आपली गाडी घेऊन दुसऱ्या गल्लीत गेला, तर तोही लोकांना मंदीचा पुरावा वाटला. अहो, तुम्ही खाल्लंच नाही तर तो काय भिंतींना विकणार?

माझी चिंता वेगळी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मी खापरावरचे मांडे करून देते. आम्हा खानदेशी लोकांत या सणाला लेकी माहेरी येतात आणि आंब्याच्या रसासोबत मांडे लागतातच. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरायची आणि पालथ्या मातीच्या खापरावर टाकायची, हे काम आता गल्लीत दुसऱ्या कुणाला जमत नाही. त्या एका सणाच्या कमाईवर माझ्या मुलीचं वर्षाचं शिक्षण निघायचं. त्या वर्षी तिची बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. मिस्टर म्हणाले, "एक वर्ष राहू दे." मला मुलीच्या तोंडाकडे बघवेना. एक वर्ष राहिलेल्या मुलींचं पुढं काय होतं, मला ठाऊक होतं. मीही अशीच राहिले होते.

आखाजी आठ दिवसांवर आली तरी एकही ऑर्डर नाही. एरवी बायका होळीपासून सांगून ठेवायच्या. मी मनातल्या मनात साऱ्या गल्लीला शिव्या घालत होते.

आमच्या समोर एक मावशी राहते. साड्यांना फॉल लावते, ब्लाउज शिवते. भेंडी घेताना प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघणारी बाई. तिचा मुलगा शेठचा टेम्पो चालवतो. एका सकाळी नळाला पाणी आलं होतं, बायका हंडे लावून उभ्या होत्या, आणि मावशीनं गल्लीच्या मधोमध उभं राहून मला हाक मारली.

"आखाजीले माले वीस मांडा पाह्यजेत, व माय! पुरन चांगलं भरजो!"

नळावरची बडबड थांबली. एकीनं विचारलंच, "आन् खातं बंद पडनं तं?"

"पडी तवय पडी. आखाजी थोडीच थांबस?"

बायकांनी आपापला अंदाज बांधला. ही म्हातारी उगाच पैसा सोडायची नाही, मुलाकडून आतली खबर लागली असणार! संध्याकाळपर्यंत चार घरं सांगून गेली. तिसऱ्या दिवशी मला ऑर्डर घेणं थांबवावं लागलं आणि पीठ मळायला एक शेजारीण मजुरीनं घ्यावी लागली. आंबेवाला पुन्हा आमच्या गल्लीत थांबू लागला. त्या रविवारी लोचोची गाडीही परत आली. मुलीच्या प्रवेशाची सोय झाली. मिस्टरांनी "राहू दे" म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा मी त्यात पुरणाचा गोळा कोंबला.

सणाच्या दिवशी गरम मांडे घेऊन मी मावशीकडे गेले. वाटलं होतं, लेक-नातवंडांनी घर भरलं असेल. मावशी एकटीच खाटेवर बसली होती.

"पोर कोठे शे, मावशी?"

"येत नही ती. माले पयलेच ठाऊक व्हतं."

"मंग इतला मांडा कसाले सांगात? आन् खात्यानी खबर?"

"कसानी खबर? पोऱ्या टेम्पो चालाडस व माय, खातं नही." मग तिनं कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बोट दाखवलं. "मना मशीनवर म्हैनाभर फडकं पडेल शे. तुना खापरवर नको पडाले."

ज्या आठवड्यात तो भंगाराचा टेम्पो दिसला, त्याच आठवड्यात मी तिच्याकडे शिवायला दिलेले तीन ब्लाउजपीस परत आणले होते. "राहू दे आत्ता," असं मीच म्हणाले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! मशीनवर ते फडकं टाकणाऱ्यांत माझाही हात होता, आणि हे ठाऊक असून तिनं पहिली ऑर्डर मला दिली.

पुढं खात्यात नवीन मशिनी आल्या. काही माणसं कमी झाली, ती जवळच्या सचिन गावातल्या कारखान्यांत लागली. आमचे मिस्टर राहिले. म्हणजे भीती अगदीच खोटी नव्हती, हे मला कबूल आहे. पण माझी मुलगी आज नर्स आहे. ती ड्यूटीला निघाली की मी देवाला हात जोडते आणि मग समोरच्या दाराकडे बघून पुन्हा एकदा जोडते.

त्या आखाजीच्या दिवशी मात्र मी धावत घरी गेले, पेटीतून ते तिन्ही पीस काढले आणि मावशीच्या दारात उभी राहिले. "मावशी, याना ब्लाउज शिवी दे," मी शरमेनं कशीबशी पुटपुटले.

मावशीनं कापडाला हातसुद्धा लावला नाही. तिनं मला खांद्याला धरून गल्लीकडे वळवलं.

"जोरमा बोल, व माय! गल्लीना त्या टोकलोंग ऐकू जाऊ दे."